टोळ्या निघायच्या आत: ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली सहा वर्षांखालची मुलं

कोरडवाहू | ४ सप्टेंबर, रात्री ९.१०

दसरा झाला की बीड, पाथर्डी, जालना, धाराशिव, परभणी या पट्ट्यातून टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. मधले पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, नाहीतर थेट बेळगाव. या काळात शाळेतल्या मुलांचं काय करायचं यावर बरंच लिहून झालंय. पण ज्याला अजून शाळाच नाही, जे कडेवर किंवा झोळीत जातं, त्याला आजीकडे ठेवून जाणं बहुतेक घरांना जमत नाही. ते मूल गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात 'स्थलांतरित' होतं आणि कारखान्याकडच्या रजिस्टरात येतच नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची, उंचीच्या मानानं वजन कमी असलेली मुलं २५.६ टक्के होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) पुन्हा २५.६. त्यातली अतितीव्र मात्र एकूण मुलांच्या ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली.

सप्टेंबर म्हणजे पोषण माह (सरकारी पोषण मोहिमेचा महिना), वजनं होणारच आहेत. दसऱ्याच्या आत गावात काय उरकता येईल, सोबत काय द्यावं, उसाच्या फडावर पोचल्यावर कुणाला गाठावं? हळहळ नको, काम सांगा.

---

मापातपाप | ४ सप्टेंबर, रात्री १०.३५

सुरुवात मोजमापापासून, कारण पुढचं सगळं वजन आणि उंची या दोन आकड्यांवर उभं आहे.

सॅम (अतितीव्र कुपोषित) आणि मॅम (मध्यम कुपोषित) हे वर्गीकरण वयानुसार वजनावर होत नाही. वाढीच्या तक्त्यावरचा हिरवा-पिवळा-लाल पट्टा म्हणजे वयानुसार वजन. सॅम ठरतं ते उंचीनुसार वजनावर: जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यात उणे ३ एसडीच्या (एसडी म्हणजे मधल्या आकड्यापासून किती दूर याचं माप) खाली असेल तर सॅम, उणे ३ ते उणे २ मध्ये असेल तर मॅम. म्हणजे वजनाइतकीच उंची महत्त्वाची. आणि गडबड नेमकी उंचीत होते, कारण काटा सगळ्यांना कळतो, उंची मोजायच्या पाटावर मूल कसं धरायचं हे फारसं कुणी शिकवत नाही.

दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, दोन वर्षं पूर्ण झालेलं उभं करून. अडीच वर्षांचं मूल उभं राहीना म्हणून झोपवून मोजलं, तर आलेल्या आकड्यातून ०.७ सेंमी वजा करायचे. उलट, दीड वर्षाचं मूल झोपेना म्हणून उभं मोजलं तर ०.७ मिळवायचे.

झोपवून मोजायला दोन माणसं लागतात, एकट्या सेविकेचं ते काम नाही. मदतनीस किंवा आई डोक्याशी: दोन्ही हातांनी कान झाकतील असं डोकं धरायचं, टाळू वरच्या फळीला टेकलेली, नजर सरळ छताकडे. सेविका पायाशी: एका हाताने दोन्ही गुडघे हलकेच दाबून सरळ, दुसऱ्या हाताने सरकती फळी टाचांना. तळवे फळीला काटकोनात चिकटले पाहिजेत, चवडे टेकून टाच उचललेली नको. आकडा ०.१ सेंमीपर्यंत वाचायचा. नुसता '७५' लिहिलेला दिसला की अंदाजपंचे समजा. पानभर उंच्या शून्य आणि पाचवर संपत असतील, तर ते पान परत मोजायचं.

याने फरक किती पडतो? मुलगा आहे, खरी लांबी ७५ सेंमी, वजन ७.४ किलो. तक्त्यात ७५ सेंमीला उणे ३ एसडी ७.५ किलोवर आहे, म्हणजे मूल सॅम. आता गुडघा दुमडलेला राहिला आणि लांबी ७३ भरली. ७३ ला तीच रेघ ७.२ वर आहे. मूल मॅम झालं आणि त्याच्या नावाचं सगळं पुढचं काम थांबलं. दोन सेंमी म्हणजे बोटाची जेमतेम रुंदी.

वजनाचं म्हणाल तर काटा सपाट फरशीवर, चटईवर किंवा सारवलेल्या उंचसखल जमिनीवर नाही. फरशी नसेल तर खाली प्लायवूडचा तुकडा. अंगावर एक पातळ कपडा. करदोड्यातल्या पेट्या-ताईत, पायातले वाळे, हातातलं बिस्किट काढून. मूल रडत-झटकत असेल तर आई-मूल काटा वापरा: आधी आईला उभं करा, आकडा स्थिरावला की शून्य करा, मग मूल तिच्याकडे द्या. बाई उतरली आणि परत चढली तर पहिल्यापासून.

आणि सगळ्यात आधी दोन्ही पायांची सूज बघा. पावलाच्या वरच्या भागावर अंगठ्याने तीन सेकंद दाबायचं, दोन्ही पायांवर. खड्डा तसाच राहिला तर ते मूल वजन-उंची काहीही सांगो, सॅमच, आणि थेट दवाखान्यात. सुजेचं पाणी वजनात भरतं. असं मूल गुबगुबीत दिसतं आणि तक्त्यात 'साधारण' निघतं.

---

मेथीचीजुडी | ५ सप्टेंबर, सकाळी ७.५०

एवढा खटाटोप करण्यापेक्षा दंडघेराची पट्टी का नाही? पाटाला दोन माणसं आणि पाच मिनिटं, पट्टीला एक माणूस आणि अर्धं मिनिट. टोळी दोन दिवसांत निघणार असेल तर दुसरं काय जमणार.

---

मापातपाप | ५ सप्टेंबर, सकाळी ९.२०

पट्टी हवीच, पाटाच्या जोडीला. ६ महिने ते ५ वर्षांपर्यंत एकच माप: ११.५ सेंमीच्या आत सॅम, ११.५ ते १२.५ मॅम. डावा दंड, खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या मधोमध, हात सैल सोडलेला. पट्टी आवळायची नाही की ढिली ठेवायची नाही. कातडीला सुरकुती पडली तर घट्ट झाली, मधून उजेड दिसला तर सैल. मध्यबिंदू डोळ्याने ठरवू नका, दोऱ्याने माप घेऊन दोरा दुमडा.

पण दोन्ही मापं वेगवेगळी मुलं पकडतात. पट्टीत लहान वयाची, बुटकी मुलं जास्त सापडतात; उंचीनुसार वजनात थोडी मोठी, लांबट, काटकुळी. म्हणून नियम 'किंवा'चा आहे: तिन्हीपैकी एक जरी निघालं (वजन-उंची, दंडघेर, सूज) तरी मूल सॅम. 'दंडघेर बरा आहे म्हणून सॅममधून काढलं' हे चूक.

पट्टीचा खरा उपयोग फडावर आहे. पाट तिकडे जाणार नाही, पट्टी आईच्या पिशवीत जाईल. लाल-पिवळा-हिरवा रंग वाचायला अक्षरओळख लागत नाही. दर अमावस्येला एकदा, एवढं सांगून द्या. टोळीच्या मुक्कामाच्या काही तळांवर अमावस्येला तोड बंद असते.

---

बालरुग्ण | ५ सप्टेंबर, दुपारी २.०५

सॅम निघाल्यावर सरसकट सगळ्यांना दवाखान्यात धाडू नका, आणि सरसकट गावातही ठेवू नका. निवाडा भुकेवर होतो.

भूक चाचणी शांत जागी, मूल दोन तास उपाशी असताना, आईच्या मांडीवर. वर्षाच्या पुढच्या मुलासाठी मिश्रण: भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट १००० ग्रॅम, दूध पावडर १२०० ग्रॅम, साखर ११२० ग्रॅम, खोबरेल ६०० ग्रॅम. ही मोठ्या घाण्याची मापं आहेत, त्याच प्रमाणात कमी करा. ४ ते ७ किलोच्या मुलाने निदान २५ ग्रॅम, ७ ते १० किलोच्याने ३३ ग्रॅम खाल्लं पाहिजे. कोंबायचं नाही, आई देईल तसं, सोबत वाटीत प्यायचं पाणी. खाल्लं आणि बाकी काही दुखणं नाही, तर गावच्या ग्राम बाल विकास केंद्रात भागतं. नाही खाल्लं तर पोषण पुनर्वसन केंद्र, म्हणजे दवाखान्यात भरती.

भूक असली तरी दवाखानाच, अशी लक्षणं: दोन्ही पायांवर सूज, ताप किंवा अंग गार पडणं, थांबत नसलेल्या उलट्या-जुलाब, निपचित पडणं, झटके, तळहात पांढरेफटक, आणि जलद श्वास. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, मूल शांत असताना. २ ते १२ महिन्यांपर्यंत ५० किंवा जास्त, त्यापुढे ५ वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे जलद.

केंद्रात पहिल्या दिवशी भाताची मूद आणि वरण मिळत नाही म्हणून आया चिडतात, मूल घेऊन निघून जातात. त्यांना आधीच सांगायला हवं. सुकलेल्या शरीरात क्षार उलटेपालटे झालेले असतात. एकदम पोटभर घातलं तर हृदयावर ताण येऊन मूल दगावू शकतं. म्हणून सुरुवातीला एफ-७५ नावाचं हलकं दूध, किलोमागे दिवसाला १३० मिली, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. ६ किलोच्या मुलाला दर खेपेला ६५ मिली, म्हणजे अर्धी वाटीसुद्धा नाही. रात्रीची खेप चुकली की साखर उतरते, अंग गार पडतं. पहिल्या ४८ तासांत मुलं जातात त्याचं हे एक मोठं कारण. भूक परतली की मग एफ-१०० हे जास्त ताकदीचं दूध आणि घरचं जेवण. लोहाचं औषध या पहिल्या टप्प्यात देत नाहीत, वजन चढायला लागल्यावर सुरू होतं. घरी असलेलं लोहाचं सिरप 'ताकद येईल' म्हणून पाजू नका.

किमान मुक्काम १४ दिवसांचा. सुटी देताना १५ टक्के वजनवाढ बघतात, ६ किलोचं मूल ६.९ व्हायला हवं. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी एक अशा चार फेरतपासण्या.

आता उलटी गणती करा. टोळी दसऱ्यानंतर निघते. महिनाअखेरीस सोयाबीनची काढणी लागली की कुठलीही आई १४ दिवस दवाखान्यात बसणार नाही, बुडीत मजुरी मिळते म्हणून सांगितलं तरी. म्हणजे मोजणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली तरच भरतीला जागा उरते. पोषण माह आहे म्हणून २५ तारखेला वजनं घेतली, तर सापडलेलं मूल सरळ कोपीवर (तोडणीवाल्यांच्या झोपडीत) जातं.

---

तिरपागडा | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४०

माहिती छान आहे, पण दरवर्षी हेच चालतं आणि आकडे तिथेच. अंगणवाडीच्या आहाराला बालकामागे दिवसाला ८ रुपये आणि अतितीव्र कुपोषिताला १२ रुपये, हा २०१७ मध्ये ठरलेला दर. त्यात काय येतं? टीएचआरची (घरी न्यायच्या आहाराची) पाकिटं शेळ्या खातात.

---

कोरडवाहू | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ७.१५

८ रुपयांबद्दल सहमत. आकडे तिथेच याबद्दल नाही. २००५ मध्ये कुपोषणाविरुद्धचं राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. तेव्हा राज्यात दोन वर्षांखालच्या खुरट्या मुलांचं प्रमाण ३९ टक्के होतं, २०१२ च्या पाहणीत ते २४ च्या आसपास आलं. म्हणजे आकडा हलतो. हलवलेला टिकवला नाही, हे खरं दुखणं.

शेळ्यांचं म्हणाल तर पाकीट नकोसं का होतं तेही बघा. गोड उपम्याची चव मुलाला चालत नाही, आणि मोठ्या घरात ते पाकीट एका मुलाचं राहत नाही, सगळ्यांच्या ताटात चमचा-चमचा जातं.

---

चुलवण | ५ सप्टेंबर, रात्री ८.३०

खाण्याचं मी लिहिते, पण आधी कोपीवरचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. बाई पहाटे तीन-साडेतीनला उठते, भाकरी थापते, चार-पाचला फडात. मूल पाचटावर किंवा झोळीत. दुपारी मोळ्या बांधणं, गाडी भरणं. परत चूल पेटते ती अंधार पडल्यावर. म्हणजे मुलाला ताजं मिळतं ते दोनदा, आणि मधल्या बारा तासांत पहाटेच्या भाकरीचा तुकडा. 'दिवसातून पाच वेळा मऊ ताजं अन्न द्या' हे पोस्टर तिथे कुठे चिकटवणार?

वर्ष ते दोन वर्षांच्या, अंगावर पिणाऱ्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण ५५० किलोकॅलरी लागतात. (६ ते ८ महिने २००, ९ ते ११ महिने ३००.) आठ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम २४० मिली मावतं, मोठी वाटीभर. आता पातळ पेज: वाटीत एक मोठा चमचा पीठ, १५ ग्रॅम. झाल्या ५५ किलोकॅलरी. अशा दहा वाट्या पाजाव्या लागतील. तीच वाटी ४० ग्रॅम पिठाची घट्ट केली, एक चहाचा चमचा तेल आणि सुपारीएवढा गूळ घातला, तर सव्वादोनशेच्या वर जाते. अडीच वाट्यांत दिवस निभावतो. पेज पोटभर पिऊन मूल झोपतं, म्हणून आईला वाटतं भागलं. भागत नाही, फुगतं.

घट्ट लापशीची अडचण ही की लहान मूल ती गिळत नाही, थुंकतं. त्यावर उपाय मोडाच्या पिठाचा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात यावर बरंच काम झालं आहे, आणि आपल्याकडच्या नाचणी-सत्त्वाची जातकुळी हीच. गहू किंवा बाजरी १०-१२ तास भिजवा, ओल्या फडक्यात एक ते दोन दिवस बांधा, मोड आले की उन्हात कडकडीत वाळवा, चोळून मोडाची मुळं झटकून टाका, तव्यावर नुसतं कोमट करून दळा. खरपूस भाजलं तर खेळ खलास, कारण पिष्ट फोडणारं विकर (एन्झाइम) उष्णतेने मरतं. वापरताना चमचा उभा राहील अशी लापशी शिजवा, भांडं उतरवा, उकळी बसली की एक चहाचा चमचा हे पीठ घालून दोन-तीन मिनिटं ढवळा. डोळ्यांदेखत सैल होते, पाणी एक थेंबही न घालता. मग परत एक कढ द्या, म्हणजे कच्च्या पिठातले जंतू मरतात.

दोन गोष्टी सांभाळा. मोडांना कुबट वास किंवा काळे ठिपके आले तर सगळं फेकायचं. आणि ज्वारीचे मोड वापरू नका. ज्वारीच्या कोंबात धुरिन असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात ती यानेच.

---

तिरपागडा | ५ सप्टेंबर, रात्री ९.०५

चुलवणताई, वाचायला झकास. पहाटे साडेतीनला उठणारी बाई मोड आणत बसेल?

---

चुलवण | ५ सप्टेंबर, रात्री १०.१०

ती नाही आणणार, म्हणून ते गावातच करून द्यायचं. अर्धा किलो मोडाचं पीठ, दिवसाला दोन चमचे धरले तर पन्नास दिवस पुरतं. दिवाळीनंतर गावाकडून कुणी ना कुणी तळावर जातच असतं, त्याच्याकडे दुसरा डबा. हे संध्याकाळच्या चुलीसाठी.

दिवसासाठी सातूचं पीठ. यात नवं काही नाही, आजीच्या वेळचंच आहे. फक्त प्रमाण बदला. भाजलेला गहू किंवा बाजरी ४ वाट्या, भाजलेली हरभरा डाळ किंवा डाळं २ वाट्या, दळून ठेवा. भाजलेल्या दाण्याचं कूट १ वाटी, पण ते वेगळ्या डब्यात: एकत्र केलं तर तेल सुटून महिन्याच्या आत खवट होतं. सुरकुतलेले, काळे, बुरशीचे दाणे आधीच निवडा. अख्खा दाणा पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नका, घशात अडकतो. तिन्ही मिळून १०० ग्रॅमला साधारण ३८० किलोकॅलरी आणि १६ ग्रॅम प्रथिनं होतात.

फडात न्यायचं ते कोरडं. पहाटे कालवून नेलेलं दुपारपर्यंत आंबतं, आणि हगवणीची सुरुवात तिथेच. झाकणाच्या डब्यात पीठ, कूट, गूळ. पहाटेच्या चुलीवरच उकळलेलं पाणी वेगळ्या बाटलीत. लागेल तेव्हा वाटीत कालवायचं, चमच्याने द्यायचं. दुधाची बाटली आणि रबरी बोंडलं नकोच, कालव्याच्या पाण्यात ती धुतली जात नाहीत.

पैसे हातात येतात ते वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून. उचल (मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम) तर घर सोडायच्या आधीच संपलेली असते. त्या वाढ्याच्या पैशातून बिस्किटपुडा येतो, कारण तो मिळतो आणि मूल गप्प होतं. त्याच पैशात आठवड्याला चार अंडी येतात. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं, आणि ते संध्याकाळच्या चुलीत भाकरीबरोबर होतं. बिस्किट बंद करा म्हणून कुणी ऐकणार नाही. अंडं आधी, बिस्किट नंतर, एवढं सांगा.

---

मेथीचीजुडी | ६ सप्टेंबर, सकाळी ८.००

+१. आणि हगवण लागलीच तर: प्रत्येक जुलाबामागे दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, त्यावर १०० ते २०० मिली ओआरएस. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात. पेल्याला चिमूट टाकून पाकीट 'पुरवायचं' नाही. सोबत झिंक २० मिग्रॅ रोज, पूर्ण १४ दिवस, जुलाब थांबले तरी. (६ महिन्यांखालच्याला १० मिग्रॅ.) आशाताईंकडून निघतानाच दोन पाकिटं आणि गोळ्यांची एक पट्टी मागून घ्या. सॅम मुलाला जुलाब लागले तर मात्र तळावर थांबू नका, त्याचं पाणी-क्षाराचं गणित वेगळं असतं.

---

नोंदवही | ६ सप्टेंबर, सकाळी ११.२५

आता कागद. कंटाळवाणं आहे, पण फडावर मुलाला काही मिळतं की नाही हे इथेच ठरतं.

रेशन. एक देश एक रेशनकार्डमुळे कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, कर्नाटकातही. घरी राहिलेली आजी तिचा वाटा गावात घेऊ शकते आणि गेलेले लोक त्यांचा तिकडे. अख्खं कार्ड 'तिकडे' न्यावं लागत नाही. प्राधान्य गटात माणशी ५ किलो, अंत्योदयला घरटी ३५. पण लहान मुलाचं नाव कार्डावर चढवलेलंच नसतं. जन्मदाखला, मग बाल आधार (पाच वर्षांखाली बोटांचे ठसे लागत नाहीत), मग तहसीलला नाव चढवणं. तीन पायऱ्या, महिना जातो. आत्ता सुरू करा.

अंगणवाडी. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप) मुलाला 'स्थलांतरित' दाखवून गप्प बसायचं नाही. राज्याची स्थलांतर नोंदीची वेगळी प्रणालीही आहे. दोन्हीकडे कुठे जाणार ते गाव-तालुक्यासकट घातलं, तर तिकडच्या सेविकेला ते मूल दिसतं. अडचण अशी की आईला विचारलं तर ती कारखान्याचं नाव सांगते, आणि तळ कारखान्यावर नसतोच. गाव मुकादमाला माहीत असतं, कधी तोही पोचल्यावरच कळवतो. म्हणून मुकादमाचा फोन नंबर नोंदीत हवा आणि टोळी पोचल्यावर आठवड्याने गावच्या सेविकेने एक फोन करायचा. बैलगाडीची टोळी निदान एका जागी बसते. ट्रॅक्टरची टोळी फड संपेल तसा तळ हलवते, तिथे महिन्याला एक फोन.

टीएचआर घेताना आता चेहरा पडताळणी आहे (जुलै २०२५ पासून). त्यामुळे 'शेजारीण घेऊन ठेवेल' हा जुना तोडगा चालत नाही. तिकडच्या अंगणवाडीत नोंद बदलली नाही तर पाकीट इथेही नाही, तिथेही नाही.

लसी. माता-बाल संरक्षण कार्ड मूळ सोबत, झेरॉक्स गावात. दीड महिन्याची लस गावात झाली तर अडीच आणि साडेतीन महिन्यांची फडावर येणार. तारखा पेनाने कार्डावर लिहून द्या. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिन्यांना, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. कुठलंही प्राथमिक आरोग्य केंद्र 'तुम्ही इथले नाही' म्हणून लस नाकारू शकत नाही. जीवनसत्त्व अ आणि जंतनाशकाची गोळी जायच्या आत उरका. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोल अर्धी गोळी, चुरून.

सॅम मुलाची सुटीची चिठ्ठी कार्डाला पिनने लावा. फेरतपासणी कुठल्याही पोषण पुनर्वसन केंद्रात होते.

---

खडूफळा | ६ सप्टेंबर, दुपारी ४.५०

धाग्याचा विषय लहान मुलं असला तरी एक धागा जोडतो. हंगामी वसतिगृहात नाव घातलेली आठ-दहा वर्षांची मुलगी ऐन वेळी टोळीसोबत का जाते? कारण तळावर बाळ सांभाळायला दुसरं कुणी नाही. वसतिगृहाच्या यादीत मुलगे भरतात, मुली गळतात. शिक्षण हमी कार्ड देऊन हा प्रश्न सुटत नाही. कार्ड तिकडच्या शाळेत प्रवेश मिळवून देतं, पण ती शाळेत जाईल तेव्हा बाळ कुणाकडे?

म्हणून फडावरचा पाळणा हा एकाच वेळी दोन मुलांचा प्रश्न आहे. कारखाने कायद्यात (१९४८, कलम ४८; नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू) तीसपेक्षा जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. पण तोडणीवाल्या बाया कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात, मुकादमाच्या असतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हिशेब त्या जोडीचा, आणि त्यातली बाई कागदावर कुठेच वेगळी नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचं ओळखपत्र काढताना बाईच्या नावाचं वेगळं कार्ड मागा, नवऱ्याच्या कार्डात 'कुटुंब' म्हणून नको.

तळावर तेवढं जमलं तर: दहा-बारा कोयत्यांच्या तळावर एक म्हातारी किंवा बाळंतीण तोडणीला जात नाहीच. तिच्याकडे मुलं ठेवून कोयत्यामागे थोडी रक्कम, मुकादमाने खर्चीतून (हंगामात खर्चाला दिलेल्या पैशातून) वळती करायची. ही बोली उचल घेतानाच झाली तर होते. फडावर पोचल्यावर कुणी ऐकत नाही.

---

कोरडवाहू | ७ सप्टेंबर, रात्री ८.४५

सगळ्यांचे आभार, गावात यातलं बरंच कामाला लागलंय. दोन प्रश्न. परत आल्यावर काय बघायचं? आणि काल काट्यावर किराणा दुकानातलं शिक्क्याचं ५ किलोचं वजन ठेवलं तर ५.२ दाखवतोय. चाळीस मुलं मोजून झाली आहेत. सगळ्यांतून २०० ग्रॅम वजा करू का?

---

मापातपाप | ७ सप्टेंबर, रात्री ९.३०

पहिलं. दुसऱ्या वर्षातलं मूल महिन्याला साधारण २०० ग्रॅम आणि १ सेंमी वाढतं. पाच महिन्यांत १ किलो आणि ५ सेंमी. दसऱ्याला ८ किलो होतं आणि पाडव्याला ८.२ भरलं, तर रजिस्टरात 'वजन वाढलं' असं येईल. पण उंची ५ सेंमी वाढली असेल तर ते मूल सॅममध्ये उतरलेलं असू शकतं. म्हणून परतल्यावर आठवड्याच्या आत पुन्हा दोन्ही मापं, तक्त्यात नव्याने. पाडव्यानंतरच्या ठरलेल्या वजनदिवसाची वाट बघू नका, कारण त्यानंतर उन्हाळा, पाणीटंचाई, आणि जूनपासून जुलाब-न्यूमोनियाचा हंगाम. वाईट अवस्थेत पावसाळ्यात शिरलेलं मूल सावरायला वेळच मिळत नाही.

काट्याचं. लगेच वजा करू नका. आधी सेल बदला, काटा फरशीवर घ्या, चारही पाय टेकलेत बघा. मग त्याच दुकानातून ५, १० आणि १५ किलो ठेवून बघा. तिन्हीला २०० ग्रॅमच जास्त दाखवत असेल तर शून्यात चूक आहे. सगळ्या वजनांतून २०० वजा चालतील. ५.२, १०.४, १५.६ असं वाढत गेलं तर चूक प्रमाणातली आहे, प्रत्येक वजन ०.९६ ने गुणा. एकदा ५.२ आणि एकदा ४.९ दाखवला तर तो काटा बाजूला ठेवा, पर्यवेक्षिकाबाईंना सांगून शेजारच्या अंगणवाडीचा आणा.

काही निघालं तरी मॅममध्ये आलेली सगळी मुलं, आणि मॅमच्या रेघेच्या वर पाव किलोच्या आत असलेली, उद्याच परत मोजा. काटा जास्त दाखवतोय, म्हणजे चूक एकाच बाजूला जाते. वर दिलेला ७५ सेंमीचा मुलगा तुमच्या काट्यावर ७.४ ऐवजी ७.६ भरला असता.